बारावीचे गाव

वैद्यकीय शिक्षणाची आकांक्षा धरणाऱ्या विद्यार्थ्याने अकरावी-बारावीचे महाविद्यालय निवडताना तेथील अध्यापनाचा लौकिक पाहावा, हे कोणीही सांगेल. परंतु ते महाविद्यालय कोणत्या राज्यात आहे, एवढ्याच गोष्टीवर पुढला प्रवेश अडू शकतो, याची चौकशी आमच्या श्रीरामपुरातील सुशिक्षित घरांतूनही क्वचितच होते, आणि माझ्या भाच्याच्या बाबतीत तर कोणीच केली नाही.

रयत शिक्षण संस्थेचे बोरावके महाविद्यालय घरापासून हाकेच्या अंतरावर असताना, एका शिकवणीवाल्याच्या भरवशावर मेहुण्यांनी मुलाला राजस्थानात कोटा शहरी धाडले, आणि त्याच इसमाच्या तजविजीने बारावीचे नावही तिकडच्याच एका नावापुरत्या 'डमी' शाळेत दाखल झाले. 'नीट'चा निकाल चांगला लागला. महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेचा अर्ज भरावयास आम्ही बसलो, तेव्हा संगणकापुढची मुलगी बारावीच्या रकान्याशी थबकली आणि म्हणाली, "काका, बारावी महाराष्ट्राबाहेरची आहे, मग स्टेट कोट्यात बसणार नाही हा."

तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय यादीतून भरतात. उरलेल्या ८५ टक्क्यांसाठी अधिवासाच्या दाखल्याबरोबरच दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातील संस्थेतून उत्तीर्ण झालेल्या असाव्या लागतात, आणि बदलीच्या नोकरीतील शासकीय कर्मचाऱ्यांच्या मुलांपुरते काही अपवाद सोडले तर येथे रदबदली चालत नाही. तहसील कचेरीतून आणलेला दाखला हाती असूनही तो व्यर्थ ठरला. लोणीचे प्रवरेचे महाविद्यालय शेजारच्याच तालुक्यात खरे, पण ते अभिमत विद्यापीठाचे. तेथील जागा केंद्रीय समुपदेशनातून भरतात आणि तेथील शुल्क आमच्या ऐपतीबाहेरचे होते.

२०२० पर्यंत तर राज्याच्या आतही ७०:३० चा प्रादेशिक हिशेब होता, सत्तर टक्के जागा त्या त्या प्रदेशात शिकलेल्यांना; गोदावरीच्या अलीकडचे श्रीरामपूर उर्वरित महाराष्ट्रात आणि पलीकडचे वैजापूर मराठवाड्यात. त्या काळी शिकण्यासाठी मराठवाड्यातील लातूरला जाणाऱ्यांना याही गोष्टीचा विचार करावा लागे. तो नियम गेला, राज्याच्या सीमेचा मात्र कायम आहे.

आणखी एक सावधगिरी: 'बायफोकल' या व्यावसायिक विषयाच्या गुणांच्या मोहाने संगणकशास्त्र घेऊन जीवशास्त्र सोडू नये. २०२३ पासून तो विषय बारावीनंतर अतिरिक्त म्हणून उत्तीर्ण होण्याची मुभा मिळाली आहे खरी, पण त्यात वर्ष खर्ची पडते.

राज्य मंडळ की केंद्रीय मंडळ, हा वाद येथे गौण आहे. संस्था महाराष्ट्रातली असली म्हणजे झाले. कोटा शहराचेच आकर्षण असेल, तर बारावी इकडे उत्तीर्ण होऊन मग 'नीट' पुन्हा देण्याच्या तयारीसाठी वर्षभर तिकडे राहण्यास कोणाचीही आडकाठी नाही. धाकट्या भाचीने हाच मार्ग पत्करला असून तिचा बारावीचा प्रवेश बोरावके महाविद्यालयातच आहे.