बंगालच्या नौका : लाकूड, पाणी आणि कारागिराचे ज्ञान

कोलकात्याच्या एखाद्या घाटावर उभे राहून हुगळीकडे पाहिले, तर आज मुख्यतः यंत्रावर चालणाऱ्या बोटी दृष्टीस पडतात. परंतु दोन शतकांपूर्वी याच पात्रात नाना तऱ्हेच्या लाकडी नौकांची दाटी असे. बाल्थाझार सॉल्व्हिन्स हा फ्लेमिश चित्रकार १७९१ साली कोलकात्यास आला आणि सुमारे बारा वर्षे तेथे राहिला. लोकजीवनाच्या चित्रांबरोबर त्याने डिंगी, बजरा, पटेला इत्यादी नौकांचीही चित्रे कोरून ठेवली. नौकेच्या शोभेबरोबर तिच्या बांधणीकडेही त्याने लक्ष दिले, म्हणून ती चित्रे आज अभ्यासकाला उपयोगी पडतात.

एकाच प्रांतात नौकांचे इतके प्रकार का असावेत? या प्रश्नाचे उत्तर नद्यांच्या स्वभावात सापडते.

नदीप्रमाणे नौका

बंगालच्या नद्या विपुल गाळ वाहून आणतात. समुद्राजवळच्या प्रवाहांत भरती-ओहोटी होते आणि ओहोटीच्या वेळी नौका चिखलावर टेकते. तिच्या तळाला खोल कणा असेल, तर ती एका अंगावर कलंडेल. म्हणून तेथील बहुतेक नौकांचा तळ पळीसारखा गोलसर व उथळ असतो. याउलट, हावडा जिल्ह्यातील रूपनारायण नदीच्या बाजूस 'छोट' नावाची नौका प्रचारात होती. तिचा तळ खाली निमुळता होत जातो. असा तळ पाणी कापतो आणि आडव्या ढकलीला विरोध करतो. त्यामुळे जोराच्या प्रवाहात व शिडाच्या वाऱ्यात नौका बाजूला कमी वाहवते.

तळ्यांत व उथळ पाण्यात वापरली जाणारी ताडाची डोंगी तर वनस्पतिशास्त्राचा एक पाठच आहे. ताड हा एकदल वृक्ष असल्याने त्याच्या खोडातील कठीण तंतू परिघाकडे एकवटलेले असतात आणि मधला भाग मऊ राहतो. खोड उभे चिरून मधला गाभा कोरून काढला, की टणक भिंतींची नौका आपोआप उरते.

आधी कवच, मग फासळ्या

नौका बांधण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. एका रीतीत आधी फासळ्यांचा सांगाडा उभारतात व त्यावर फळ्या ठोकतात. बंगालच्या कारागिराची परंपरागत रीत याच्या उलट आहे. तो फळीच्या कडेला फळीची कड भिडवून आधी नौकेचे कवच तयार करतो आणि फासळ्या मागाहून आत बसवतो. फळ्या एकमेकींस जोडण्यासाठी लोखंडाच्या चपट्या कांबी दोन्ही टोके वळवून ठोकतात. या कांबींस तेथे 'जलुई' म्हणतात. कागदावर आराखडा नसतो. नौकेचा आकार कारागिराच्या नजरेत व हातात असतो.

भोजराजाच्या नावावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' या संस्कृत ग्रंथात नौकांचे वर्गीकरण आढळते. समुद्रातील चुंबक लोह ओढून घेईल, म्हणून फळ्या लोखंडाने जोडू नयेत, असेही त्यात सांगितले आहे. नदीवरच्या कारागिराने मात्र अनुभवाने लोखंडाची जलुई स्वीकारली. शास्त्र ग्रंथाप्रमाणेच हातांतही वाढत असते, हे यावरून ध्यानात येईल.

लाकूड कुजू नये म्हणून गाबाच्या फळांचा रस लावण्याची चाल होती. गाब हा आपल्या टेंभुर्णीच्या कुळातील वृक्ष होय. त्याच्या कच्च्या फळांत टॅनिन हे तुरट द्रव्य पुष्कळ असते. जाळी टिकवण्यासाठीही तोच रस वापरीत.

एक सोपा प्रयोग

सुक्या लाकडाची एक लहान पट्टी घ्या. तिची लांबी व रुंदी मोजून ती दोन दिवस पाण्यात ठेवा आणि पुन्हा मोजा. लांबी जवळजवळ तीच राहील, पण रुंदी थोडी वाढलेली दिसेल. कारण लाकूड तंतूंच्या दिशेने फारच थोडे, तर त्यांना आडव्या दिशेने बरेच अधिक फुगते. पाण्यात पडलेल्या नौकेच्या फळ्या अशाच फुगतात आणि सांधे अधिक घट्ट होतात. हीच नौका दीर्घकाळ उन्हात पडून राहिली, तर सांधे उघडे पडतात.

हानी आणि जतन

नौका हे बंगालच्या ग्रामीण जीवनाचे वाहनच होते. १९४२ साली जपानी सैन्याच्या हाती पडू नयेत म्हणून तत्कालीन सरकारने किनारी भागातील हजारो नौका काढून घेतल्या किंवा निकामी केल्या. दहाहून अधिक माणसे वाहून नेणाऱ्या नौकांना हा हुकूम लागू होता. मासेमारी व धान्याची वाहतूक त्यामुळे विस्कटली आणि १९४३ च्या भीषण दुष्काळाच्या अनेक कारणांत या कारणाची भर पडली. पुढे पूल, रस्ते व यंत्राच्या बोटी आल्या. कित्येक जुन्या प्रकारांची मागणी संपली आणि मागणी संपली, की विद्याही संपू लागते.

ही विद्या लिहून ठेवण्याचा छंद काही अभ्यासकांनी आयुष्यभर जोपासला. कोलकात्याचे मानवशास्त्रज्ञ स्वरूप भट्टाचार्य हे त्यांपैकी एक. कोलकात्यात काँकुडगाछी येथील आंबेडकर भवनात २०१४ साली नौकांचे संग्रहालय सुरू झाले. तेथे बंगालच्या नौकांच्या लाकडी प्रतिकृती मांडल्या आहेत. परंतु प्रतिकृती आकार दाखवते, कृती दाखवत नाही. म्हणून २०२२ साली हावडा जिल्ह्यात एका वृद्ध कारागिराकडून व त्याच्या मुलांकडून संपूर्ण 'छोट' नौका नव्याने बांधवून घेण्यात आली आणि बांधणीची प्रत्येक पायरी चित्रफितीवर नोंदवण्यात आली. भट्टाचार्य यांच्यासह भारतीय व ब्रिटिश संशोधक या कार्यात सहभागी होते.

आपल्या कोकणातही उलांडी लावलेल्या होड्या आहेत. नाळ, वल्हे, सुकाणू, डोलकाठी अशा शब्दांचे भांडार तेथील वृद्ध नाखव्यांपाशी आहे. समुद्राकाठच्या शाळांतील विद्यार्थ्यांनी त्यांच्याजवळ बसून नौकेच्या प्रत्येक भागाचे नाव, त्याचे लाकूड व त्याचे प्रयोजन वहीत उतरवून घ्यावे. होडी मोडली तर दुसरी बांधता येते. ती बांधणारा हात मात्र काही न सांगता गेला, तर मागे केवळ लाकूड उरते.