भाडेकरू की दुभाषी? : एआरएम लॅपटॉपवरचं व्हर्च्युअल मशीन

सुरुवातीलाच एक कबुली देते. मी कॉन्व्हेंटची. त्यामुळे या लेखात इंग्रजी शब्द जरा जास्तच येतील, तेवढं सांभाळून घ्या. पण हा विषय आपल्या हॉस्टेलमधल्या बऱ्याच जणांना कधी ना कधी नडणार आहे, म्हणून लिहायचं धाडस करतेय.

गोष्ट मागच्या सेमिस्टरची. फर्स्ट इयरच्या सुट्टीत बाबांनी मला नवा लॅपटॉप घेऊन दिला. हलका, न तापणारा, एकदा चार्ज केला की दिवसभर चालणारा. "आत एआरएम प्रोसेसर आहे," असं दुकानदार म्हणाला आणि आम्ही दोघांनीही समजल्यासारखी मान डोलावली. बाबा अजून त्याचे हप्ते भरताहेत.

मग मायक्रोप्रोसेसर लॅब सुरू झाली. तिथे लिनक्सवर नॅस्म वापरून एक्स८६-६४ ची असेंब्ली लिहायची असते. मी म्हटलं, सोपं आहे! व्हर्च्युअल मशीनमध्ये उबुंटूची एआरएम आवृत्ती टाकली, ती झटकन बूट झाली. नॅस्मने प्रोग्रॅम निमूटपणे असेंबल केला. पण पुढच्या पायरीला लिंकरने फाईल नाकारली : 'फाईल इन राँग फॉरमॅट'. रात्रीचे दोन वाजलेले आणि सकाळी सबमिशन. मला तर रडूच यायला लागलं. रूममेट म्हणाली, "अगं, माझ्या लॅपटॉपवर कर ना, रडतेस काय!" तिच्या जुन्या, पंखा घरघरणाऱ्या लॅपटॉपवर तोच प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात चालला.

सबमिशन वाचलं. दुसऱ्या दिवशी सरांना सगळं सांगितलं, तर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मशीन व्हर्च्युअल आहे, ठीक. पण प्रोसेसर कुणाचा?" हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं मला सापडलेलं उत्तर.

प्रोसेसरची भाषा

प्रत्येक प्रोसेसर आपापल्या इन्स्ट्रक्शन सेटची भाषा बोलतो. इंटेल आणि एएमडीचे प्रोसेसर एक्स८६ बोलतात. एआरएमचा जन्म इंग्लंडमधल्या केंब्रिजचा. तिथल्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी तो डिझाइन केला आणि १९८५ मध्ये पहिली चिप चालली. आज आपल्या मोबाईलमध्ये, रास्पबेरी पायमध्ये, ॲपलच्या २०२० नंतरच्या एम मालिकेच्या मॅकमध्ये आणि स्नॅपड्रॅगनवाल्या विंडोज लॅपटॉपमध्ये हीच भाषा चालते.

लिनक्सच्या प्रत्येक ईएलएफ फाईलच्या सुरुवातीलाच ती कोणत्या प्रोसेसरसाठी आहे याचा नंबर असतो. एक्स८६-६४ साठी ६२, ६४-बिट एआरएमसाठी १८३. माझ्या ऑब्जेक्ट फाईलवर ६२ होता आणि लिंकर होता १८३ वाला. उबुंटू दोन्हीकडे होतं, पण भाषा वेगळी होती.

व्हर्च्युअलायझेशन : भाडेकरू

व्हर्च्युअल मशीनमधली पाहुणी ऑपरेटिंग सिस्टीम ही भाडेकरूसारखी असते. तिचा बहुतेक कोड थेट खऱ्या प्रोसेसरवर चालतो, मध्ये कुणी भाषांतर करत नाही. म्हणूनच ती जवळजवळ मूळ वेगाने पळते. मात्र अट एकच, भाडेकरूला घराचीच भाषा यायला हवी.

आता हे सांभाळतं कोण? आपल्या हॉस्टेलचंच उदाहरण घ्या. ६४-बिट एआरएममध्ये अधिकाराचे स्तर असतात. ईएल० वर साधे प्रोग्रॅम, म्हणजे आपण मुली. ईएल१ वर ऑपरेटिंग सिस्टीमचा कर्नल, म्हणजे विंगची वॉर्डन. ईएल२ वर हायपरव्हायझर, म्हणजे रेक्टर मॅडम! त्याच्याही वर ईएल३ असतो, तिथे सुरक्षेचं फर्मवेअर चालतं. पाहुण्या कर्नलला वाटतं सगळी मेमरी आपलीच. प्रत्यक्षात त्याने ठरवलेल्या पत्त्याचं आणखी एकदा रूपांतर होतं आणि ते टेबल रेक्टर मॅडमच्या ताब्यात असतं.

हे नीट चालायचं तर काय लागतं, ते पोपेक आणि गोल्डबर्ग या दोघांनी १९७४ मध्येच मांडलं होतं. मशीनची अंदरकी स्थिती वाचणारी किंवा बदलणारी प्रत्येक इन्स्ट्रक्शन कमी अधिकारात चालवली, तर ती अडली पाहिजे आणि वर खबर गेली पाहिजे. रात्री मुलगी गेटमधून बाहेर पडली तर वॉचमन रेक्टरना कळवतो. पण कंपाउंडच्या भिंतीला भगदाड असेल तर? जुन्या एक्स८६ मध्ये अशी भगदाडं होती. आपण लॅबमध्ये एसजीडीटी, एसआयडीटी, एसएमएसडब्ल्यू या इन्स्ट्रक्शन्स वापरून रजिस्टर्स छापतो ना? त्या याच यादीतल्या! जुन्या एआरएममध्येही सीपीएस ही इन्स्ट्रक्शन यूजर मोडमध्ये चालवली की ती अडायची नाही, काहीच न करता गुपचूप पुढे जायची. पुढे दोघांनीही हार्डवेअरमध्ये सोय केली. एआरएममध्ये ती कॉर्टेक्स-ए१५ पासून आली, आणि २०१३ मध्ये लिनक्सच्या ३.९ कर्नलमध्ये एआरएमसाठी केव्हीएम दाखल झालं.

इम्युलेशन : दुभाषी

भाडेकरूला घराची भाषा येतच नसेल तर दुभाषी लागतो. फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये आणलेला क्यूएमू हा असाच दुभाषी. तो एक्स८६ च्या इन्स्ट्रक्शन्सचा एकेक तुकडा घेतो, एआरएममध्ये भाषांतर करतो आणि ते जपून ठेवतो, म्हणजे लूपमध्ये तोच तुकडा आला की पुन्हा कष्ट नकोत. तरीही वेग बराच पडतो.

क्यूएमू दोन प्रकारे वापरता येतो. पहिला, अख्खं एक्स८६ मशीन उभं करायचं. यात कर्नलपासून सगळ्याचं भाषांतर होतं, त्यामुळे डेस्कटॉप उघडेपर्यंत मेसमध्ये जाऊन चहा पिऊन येता येतो. दुसरा, यूजर मोड. यात फक्त आपल्या प्रोग्रॅमचं भाषांतर होतं आणि सिस्टीम कॉल एआरएमच्या कर्नलकडे पोचवले जातात. एक्स८६-६४ लिनक्समध्ये राइट हा कॉल १ नंबरचा, ६४-बिट एआरएममध्ये तोच ६४ नंबरचा. हा नंबरसुद्धा दुभाषीच बदलून देतो.

मग आपण काय करायचं?

एक : असेंब्लीच्या प्रॅक्टिकलसाठी एआरएमचंच उबुंटू ठेवा. त्यात एक्स८६-६४ साठीचा क्रॉस लिंकर आणि क्यूएमूचा यूजर मोड टाका. माझे बहुतेक प्रोग्रॅम आता असेच चालतात, आणि इतके छोटे असतात की वेगाचा फरक कळतही नाही. डीबग करताना मात्र जीडीबी नेहमीसारखा जोडता येत नाही, क्यूएमूच्या पोर्टला जोडावा लागतो.

दोन : जीडीटी-आयडीटीचं प्रॅक्टिकल लॅबमध्येच करा. क्यूएमूखाली दिसणाऱ्या किमती खऱ्या चिपच्या नसून त्याने मांडलेल्या नकली प्रोसेसरच्या असतात. जर्नलमध्ये त्या लिहिल्यात तर ओरलला अडकाल.

तीन : विंडोज हवं असेल तर एआरएमचं विंडोज ११ घ्या. एम मालिकेच्या मॅकवर ते पॅरेलल्समध्ये चालवायला मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये अधिकृत मान्यता दिली. या विंडोजमध्ये एक्स८६ सॉफ्टवेअरसाठी स्वतःचा दुभाषी आहे. पण तो ड्रायव्हरचं भाषांतर करत नाही. म्हणजे मायक्रोकंट्रोलर किटच्या यूएसबी प्रोग्रॅमरला एआरएमचा ड्रायव्हर नसेल, तर तो चालणार नाही.

चार : प्रयोग करण्यापूर्वी स्नॅपशॉट घ्या, आणि ८ जीबी रॅम असेल तर पाहुण्याला ४ च्या वर देऊ नका. घरमालकालाही राहायचं असतं!

पाच, आणि सगळ्यात महत्त्वाचं : नवा लॅपटॉप घेताना बॅटरी आणि रंगाच्या आधी प्रोसेसरची भाषा विचारा. आपल्या ब्रँचच्या सीनियर ताई-दादांना विचारा की कोणतं सॉफ्टवेअर लागतं, आणि मगच घरच्यांना पैसे भरायला सांगा.

मला लॅपटॉपचा पश्चात्ताप होतो का? नाही. तो बिघडला नव्हता, मीच प्रश्न विचारला नव्हता. आणि खरं सांगू का, हा लेख मी आधी डोक्यात इंग्रजीत रचला, मग एकेक वाक्य मराठीत आणलं. म्हणून एवढा वेळ लागला. आजीशी फोनवर बोलताना मात्र असं होत नाही, तिथे थेट मराठीच चालते. तेव्हा दुभाष्याचे कष्ट काय असतात, हे मला चांगलंच माहीत आहे!