गिरडच्या टेकडीचा धडा

समुद्रपूर तालुक्यांतील गिरडच्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे. हिंदु व मुसलमान दोघेही तेथें भक्तिभावानें जातात. सहलीस जाल तेव्हां चढतांना पायांखालीं पाहा. फळांसारखे वाटोळे खडे दिसतील. साधूंची थट्टा करणाऱ्या बंजारा व्यापाऱ्यांच्या मालाचे हे दगड झाले, अशी आख्यायिका आहे. भूगर्भशास्त्र निराळें सांगतें. सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीं लाव्हारस थिजतांना त्यांत वायूचे बुडबुडे कोंडले गेले. पुढें झिरपणाऱ्या पाण्यांतील द्रव्यांनीं त्या पोकळ्या भरून झिओलाइट नांवाचीं खनिजें बनलीं. सभोंवारचा खडक झिजला, गोळे उरले. आख्यायिका आदरानें ऐकावी, खडा मात्र नीट न्याहाळावा, आणि मग तो जागच्या जागीं ठेवावा. मागून येणाऱ्यांसही तोच धडा वाचावयाचा आहे.