मार्क्सपासून सुरुवात करू का?

प्रश्न : डाव्या आणि अराज्यवादी विचारांचं वाचायचं आहे. ‘भांडवल’ हाती घेतलं, पन्नास पानांत दमलो. काय वाचू?
– एक वाचक, वालावल (ता. कुडाळ)

उत्तर : ‘भांडवल’ तूर्त कपाटात राहू द्या. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ आधी वाचा. १९४५च्या वारली उठावाची ही हकिगत, लढ्यात उतरलेल्या बाईनं लिहिलेली. त्यातले लग्नगडी पाहा : लग्नापुरतं कर्ज काढायचं आणि नवराबायकोनं सावकाराकडे राबत राहायचं. खोत आणि कूळ यांच्या गोष्टी ऐकलेल्या कोकणी माणसाला शोषण म्हणजे काय, हे वेगळं समजावावं लागत नाही. १९७२ साली या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

मग अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’. तिच्यावर प्रचारकीपणाचा शिक्का मारणाऱ्यांकडे खुशाल दुर्लक्ष करा.

अराज्यवाद म्हणजे बॉम्ब आणि बेबंदशाही, हा समज मात्र रशियन अराज्यवादी क्रोपोत्किन वाचून काढून टाका. १९०२च्या ‘म्युच्युअल एड’मध्ये तो सायबेरियातले प्राणी आणि मध्ययुगीन शहरं दाखवत सांगतो, की तगून राहायला झुंजीइतकंच सहकार्यही लागतं. लावणीला एकमेकांच्या शेतात उतरणाऱ्यांना हे पटेल. गावातली जातीची उतरंड तो पाहत नाही, ती उणीव फुले-आंबेडकरांकडून भरून घ्या. विनोबांचं ‘स्वराज्यशास्त्र’ छोटं आहे, सोबत ठेवा.