मागून आणलेला पाळणा : वापरावयाचा की नाही ?

वऱ्हाडात पाळणा विकत घेण्यापेक्षा मागून आणण्याची रीत अधिक आहे. मुलीचे पहिले बाळंतपण माहेरी होते आणि माहेरच्या माळ्यावर एखादा सागवानी पाळणा कापडात गुंडाळून ठेवलेला असतो. तो नसेल तर मावशीकडून किंवा आत्याकडून येतो. अमरावतीचा पाळणा अकोल्याला जातो, दोन-तीन वर्षांनी मूर्तिजापूर किंवा अचलपूर करून परत येतो. खेड्यातील आजीबाई त्याला ‘पायना’ म्हणतात. ज्या पाळण्यात चार लेकरे धडधाकट वाढली तो पाळणा शुभ, अशी समजूत आहे. नव्या बाळाला पहिले कपडे जुने घालावेत या रूढीचेच ते भावंड होय.

या रीतीत काटकसर आहे आणि आपुलकीही आहे. ती मोडून काढावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु पाळणा घरात आला म्हणजे तो वापरण्याजोगा आहे असे मात्र होत नाही. ‘यात आमची सगळी लेकरे वाढली’ हे वाक्य पाळण्याच्या मजबुतीचा पुरावा म्हणून सांगितले जाते. ते तपासून पाहिले तर दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली ही की, ती लेकरे वाढली तेव्हा पाळणा वीस-पंचवीस वर्षांनी लहान होता. दुसरी ही की, पूर्वी एखादे तान्हे झोपेतच गेले तर त्याचे कारण दृष्ट, बाधा किंवा दैव यांत शोधले जाई. पाळण्याकडे कोणी बोट दाखवीत नसे. पाळण्याचा दोष कधी नोंदला गेला नाही, म्हणून तो नव्हताच असे मानता येत नाही.

परदेशातील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. अमेरिकेत बाळाच्या खाटेची एक बाजू खाली-वर सरकविण्याची सोय अनेक दशके प्रचलित होती. आईला वाकावे लागू नये हा त्यामागील हेतू. वापरून खिळखिळ्या झालेल्या, खोलून पुन्हा जोडताना एखादा स्क्रू हरवलेल्या अशा खाटांची ती बाजू निसटे आणि गादी व कठडा यांमधील फटीत बाळ अडके. २००० नंतरच्या दहा वर्षांत अशा किमान ३२ मृत्यूंचा संबंध या खाटांशी जोडला गेला. अखेर २८ जून २०११ पासून तेथे या खाटांच्या विक्रीवरच नव्हे तर जुन्या खाटेच्या फेरविक्रीवरही बंदी आली. गावच्या सुताराने घडविलेल्या पाळण्यावर कोणताही शिक्का नसतो आणि त्याची फेरविक्रीही होत नाही. तो नात्यातून फिरतो. तपासणीची जबाबदारी म्हणूनच घरावर, आणि घराला सल्ला देणाऱ्या अंगणवाडी सेविकेवर, आशा कार्यकर्तीवर, शिक्षकावर येऊन पडते.

सांधे आणि ऋतू

मेळघाटचा साग टिकाऊ खरा, पण सांधा लाकडाइतका टिकत नाही. अकोला-अमरावतीकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, हवा कोरडी ठणठणीत असते आणि लाकूड आक्रसते. श्रावणात तेच लाकूड ओलावा शोषून फुगते. हा खेळ वर्षानुवर्षे चालला की खाचेत बसविलेली पट्टी सैल होते, पाचर गळून पडते, खिळा आपले भोक मोठे करतो. यातून एक फसगत संभवते. पावसाळ्यात माळ्यावरून काढलेला पाळणा घट्ट वाटतो, कारण लाकूड फुगलेले असते. तोच पाळणा फाल्गुन-चैत्रात कुरकुरू लागतो. श्रावणात पाहणी केली असेल तर ती होळीच्या सुमारास पुन्हा करावयास हवी.

पाहणी हाताने करावयाची. चौकट एका हाताने धरून दुसऱ्या हाताने तिरकी ढकलावी. ती समांतरभुजासारखी कलत असेल तर सांधे गेले असे समजावे. तळाच्या फळ्या खालून दाबून पाहाव्यात. टोचणी किंवा सुई लाकडात सहज शिरत असेल, अगर तळाशी पिठासारखा भुसा पडत असेल, तर वाळवी किंवा भुंगा आतून काम करीत आहे. त्यानंतर वीस किलो ज्वारीचे पोते पाळण्यात ठेवून दहा-पंधरा मिनिटे झोके द्यावेत. बाळाचे वजन एवढे नसते, हे खरे. पण मोठे भावंड गुपचूप पाळण्यात चढते, हेही प्रत्येक घराला ठाऊक आहे. सैल सांधा सुताराकडून नीट बसवून घेता येतो. सुतळी गुंडाळून किंवा तार आवळून केलेली दुरुस्ती मात्र दुरुस्ती नव्हे.

सहा सेंटिमीटरची पट्टी

जुन्या पाळण्यांतील सर्वांत मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही, कारण तो शोभेचा भाग असतो. कठड्याचे कातीव गज विरळ बसविलेले असतात, किंवा फळीत मोर-कमळाची नक्षी आरपार कोरलेली असते. तान्ह्या बाळाचे डोके त्याच्या कमरेपेक्षा मोठे असते. पाय, कंबर, छाती फटीतून बाहेर सरकते आणि डोके अडकते. शरीराचा भार मानेवर येतो. याकरिता दोन गजांमधील अंतर ६ सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावे, असे प्रमाण अमेरिकेत १९७० च्या दशकापासून लागू आहे.

मोजण्यास सोपी युक्ती अशी : जाड पुठ्ठ्याची बरोबर ६ सेंटिमीटर रुंदीची पट्टी कापावी. ती दोन गजांमध्ये आडवी, सहज जात असेल तर तो पाळणा बाळासाठी नाही. नक्षीच्या भोकांनाही हीच कसोटी. प्राथमिक शाळेतील मोजमापाच्या पाठात विद्यार्थ्यांकडून अशा पट्ट्या करवून घरोघर पाठविता येतील. खर्च पुठ्ठ्याचाही नाही, जुने वहीचे वेष्टन पुरते. गादी आणि कठडा यांमध्ये दोन बोटांपेक्षा अधिक जागा राहता कामा नये. लोखंडी नळीच्या घडीच्या पाळण्यात जाळी फाटली आहे काय, घडी अडविणारी कडी आपोआप सुटते काय, हे पाहिले म्हणजे पुरे. तो गंजलेला असेल तर भंगारात द्यावा.

रंग आणि वास

पाळण्याचा लाल, पिवळा, हिरवा तैलरंग जुना असेल तर त्यात शिसे असण्याचा संभव मोठा आहे. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारे नियम २०१६ साली झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आले. त्यापूर्वी रंगविलेला पाळणा संशयास्पदच मानावा. देवाला चढविला जाणारा पारंपरिक शेंदूर हेही शिशाचेच संयुग आहे, हे अनेकांना माहीत नसते. दात येऊ लागले की बाळ कठडा चावते, पापुद्रे गिळते. आणि शिसे मेंदूच्या वाढीला अपाय करते. त्याची कोणतीही मात्रा निर्धोक ठरलेली नाही. रंग काढण्यासाठी कोरडा पॉलिशकागद घासणे तर अधिकच वाईट, कारण ती धूळ घरभर बसते. पापुद्रे सुटलेला जुना रंगीत पाळणा न वापरणे हाच सरळ मार्ग होय.

कापसाच्या मुलखात आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी लागते : पाळणा ठेवला कोठे होता ? पुष्कळदा तो कोठीत, फवारणीच्या डब्यांशेजारी वर्षानुवर्षे पडून असतो. ढेकूण झाले म्हणून त्यावर शेतातलेच औषध मारल्याचीही उदाहरणे खेड्यांत ऐकू येतात. लाकडाने शोषलेले विष धुऊन निघेल अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. ढेकणांसाठी सांध्यांत उकळते पाणी ओतावे आणि कडक उन्हात चार दिवस ठेवावे. ऊन तर येथे फुकट आहे. औषधाचा वास येत असलेला पाळणा परत पाठवावा.

टांगणी आणि झोळी

आढ्याला टांगलेला पाळणा विंचू, मुंग्या, ओल यांपासून बाळाला वर ठेवतो. धाब्याच्या घरात हे शहाणपण होते. पण त्या घराची तुळई आता जुनी झाली आहे. कडी जेथे ठोकली आहे ते लाकूड पाळण्याइतकेच तपासले पाहिजे. आकडा उघडला आहे काय, साखळीचा दुवा झिजला आहे काय, हे पाहावे. दोरी जुन्या पाळण्याबरोबर आलेली कधीही वापरू नये. उन्हात पडलेली नायलॉनची दोरी वरून धड आणि आतून कुजकी असते, शिवाय तिची गाठ सरकते. पाळणा जमिनीपासून हातभरच उंच असावा.

कापूस वेचणीच्या दिवसांत बाभळीला किंवा निंबाला जुन्या लुगड्याची झोळी बांधली जाते. सावलीत, आईच्या नजरेसमोर, घटकाभर ती ठीक आहे. परंतु झोळीत बाळाची हनुवटी छातीशी टेकते आणि कापड तोंडावर येते. मोठे मूल झोळीत बसून गिरक्या घेते तेव्हा तेच कापड गळ्याला पीळ देते. अशा मृत्यूंच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. कापड विरलेले नसले तरी ही जोखीम राहतेच.

पाळण्यात बाळाला उताणे निजवावे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ मध्ये पालथे न निजविण्याचा सल्ला दिला. पुढील दशकात तेथील झोपेतील आकस्मिक मृत्यू निम्म्याच्या जवळपास आले. डोके गोल व्हावे म्हणून ठेवली जाणारी मोहरीची उशी, मऊ दुलई, काळ्या दोऱ्यातील ताईत, हाताशी येणाऱ्या लोंबत्या चिमण्या, यांपैकी काहीही आत नको. बाळ कुशीवर वळू लागले अगर हातांवर उठू लागले, की उत्तम पाळण्याचीही मुदत संपली.

नाही म्हणावयाचे कसे ?

खरी अडचण येथे आहे. सासूबाईंच्या माहेरचा पाळणा सून नाकारू शकत नाही, आणि ‘पाळणा वाईट’ हे शब्द बाळंतिणीच्या खोलीत अशुभ वाटतात. म्हणून हे काम बाहेरच्या माणसाने करणे सोयीचे. २०११ पासून आशा कार्यकर्ती नवजात बालकासाठी घरी भेट देते. दवाखान्यात बाळंतपण झाले असल्यास तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. या पद्धतीचा पाया विदर्भातच, गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेच्या कामातून घातला गेला. तिसऱ्या दिवशीची भेट बारशाच्या आधीच पडते. वजन-ताप पाहताना तिने पुठ्ठ्याची पट्टी गजांत घालून पाहिली तर दोन मिनिटे लागतात, आणि दोष पट्टी सांगते, सून नव्हे. १९७५ साली देशातील पहिल्या ३३ एकात्मिक बालविकास प्रकल्पांत मेळघाटातील धारणी होते. त्या भागात अंगणवाडीचा शब्द आजही घरात मानला जातो. ग्रामसभेत एकदा विषय निघाला तर पुढची वाट आणखी सोपी होते.

नापास पाळण्याच्या जागी नवा घेण्याची ऐपत नसेल, तर झाडून घेतलेल्या जागी किंवा घट्ट विणीच्या रुंद बाजेवर सतरंजी, वर पातळ घट्ट गादी आणि मच्छरदाणी एवढे पुरते. मात्र बाजेवरचे बाळ कोणाच्या तरी नजरेखाली असावे. राज्य शासनाने २०१९ मध्ये पहिल्या बाळंतपणासाठी सुरू केलेल्या नवजात शिशु संचातही छोटी गादी व मच्छरदाणी होती, पाळणा नव्हता.

घरचा मान राखावयाचा असेल तर बाराव्या दिवशी तोच पाळणा फुलांनी सजवावा. पाळण्याखालून-वरून वरवंटा फिरविण्याचा विधी त्यात होऊ द्यावा, नाव ठेवताना घटकाभर बाळालाही दोन्ही हातांचा आधार देऊन त्यात टेकवावे आणि पाहुणे जेवावयास बसले की उचलून आपल्या अंथरुणावर निजवावे. नंतर पाळणा पुन्हा माळ्यावर मात्र ठेवू नये, कारण पुढल्या वर्षी तो कोणीतरी मागावयास येईल. नक्षीची फळी काढून भिंतीला लावावी आणि बाकीची चौकट सुताराला द्यावी.