पावसाचा इशारा व लोकांचा विश्वास

२६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्यास सुमारें ७४. नगरी एकच! तेव्हां हवामानखात्याच्या लाल इशाऱ्यानंतर मुलुंडास ऊन पडलें, म्हणून खातें खोटें ठरत नाहीं. तांबडा रंग हें पावसाचें वचन नव्हे. सावधगिरीची कृति करा, इतकाच त्याचा अर्थ. २०२२ सालीं वेरावली येथें मुंबईचें दुसरें रडार बसलें, तरी जोराची सर नेमकी कोठें कोसळेल हें आदल्या दिवशीं सांगवत नाहीं. हें उघड बोलण्यांत कमीपणा कसला? आमच्या मतें, लपविल्यानेंच विश्वास जातो. घाटकोपरच्या टेंकडीवरील माता निजलेलीं मुलें उचलावीं कीं नाहीं हें त्याच शब्दांवरून ठरविते. मागील इशारे किती वेळां चुकले, हेंही तिला सांगितलें पाहिजे.