दाखवायचा जॅक

"सर, याआधी कधी टायर बदललाय का?" सर्व्हिस सेंटरमधल्या कोवळ्या ॲडव्हायझरने मला विचारलं. फियाट घेऊन फिरत होतो तेव्हापासून बदलतोय. हा बहुधा जन्मलाही नसेल. वाकलेला जॅक हातात घेऊन मी उभा, आणि परीक्षा माझीच! राग अजून निवलेला नाही, म्हणून लिहून काढतोय. झालाच तर कुणाला उपयोगही होईल.

मुंबई-गोवा हायवे, संगमेश्वरच्या अलीकडे, धो धो पाऊस. मागचं डावं चाक बसलं. डांबर संपलं की थेट लाल चिखल. सौ. आणि सासूबाईंना उतरवून लांब उभं केलं. हँडब्रेक, गिअर, चाकाला दगड, मागे त्रिकोण, सगळं रीतसर केलं.

नट हलेनात. आधीच्या सर्व्हिसिंगला हवेच्या गनने असे आवळले होते की गाडीबरोबर मिळालेल्या आखूड पान्ह्यावर अक्षरशः उभा राहिलो, तेव्हा कुठे कुरकुरत सुटले.

मग जॅक. कंपनी देते तो सिझर जॅक मिटलेला असतानाच सर्वांत जड फिरतो, कारण त्याच्या बाह्या जवळजवळ आडव्या असतात आणि सगळा ताण स्क्रूवर येतो. बसलेल्या गाडीखाली तो घालावा लागतो नेमका तसाच मिटलेला. हँडलचा आकडा अर्ध्या फेऱ्यात निसटतो, बोटं खडीवर सोलवटतात. बूड तळहाताएवढं. खाली चपटा दगड घातला होता, तरी चिखलात एका अंगाने रुतत गेलं.

पंक्चर चाक निघालं, हायसं वाटलं. स्टेपनी उचलून लावायला गेलो तर बसेना. चांगली तीन बोटं कमी पडत होती. क्षणभर वाटलं, दुसऱ्याच गाडीची स्टेपनी कोंबलीय की काय डिकीत. मग लक्षात आलं: हवा गेलेला टायर दबलेला असतो, तो काढायला गाडी जेमतेम उचलली तरी भागतं, फुगलेलं चाक चढवायला ती आणखी वर लागते. आणि या जॅकचा जीव तिथेच संपत होता. आणखी फिरवला तशी एक बाही माझ्या डोळ्यांदेखत वाकली, जॅक आडवा झाला आणि गाडी खाली आली. काढलेलं चाक मी आधीच दारांखालच्या कडेखाली, म्हणजे सिलखाली, सरकवून ठेवलं होतं, म्हणून ती त्याच्यावर टेकली. नाहीतर ब्रेकड्रम दगडावर आपटला असता.

एक ट्रकवाला थांबला. बॉटल जॅक आणि फळकुट काढलं, बघता बघता काम उरकलं. पैसे घेईना. जाताना म्हणाला, "काका, तो जॅक पोरांना खेळायला द्या."

आता सर्व्हिस सेंटर. "जॅक वॉरंटीत येत नाही सर. मॅन्युअलमध्ये लिहिलंय, सपाट आणि घट्ट जमिनीवरच वापरा." श्रावणात कोकणात सपाट, घट्ट जमीन म्हणजे देवळाचा सभामंडप, तिथे टायर फुटत नाही. मग त्याने नवाकोरा जॅक आणला आणि वर्कशॉपच्या गुळगुळीत फरशीवर, चारी चाकांत हवा असलेली गाडी उचलून दाखवली. "बघा सर, होतं की!" मी म्हटलं, त्या चाकातली हवा सोड आणि आता उचल. तो हसला. हवा काही सोडली नाही. वर रोडसाइड असिस्टन्सचं पॅकेज पुढे सरकवलं!

तर सांगायचं असं. एखाद्या रविवारी घरासमोर एका चाकाची हवा सोडा आणि कंपनीच्याच सामानाने स्टेपनी चढवून बघा. नुसतं चाक काढून थांबू नका, फुगलेलं चढवाच. स्क्रूला ग्रीस लावा. फूटभर चौरस, जाड प्लायवुडचा तुकडा डिकीत टाका. पान्ह्यावर चढेल असा लोखंडी पाइप ठेवा. नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच. काढलेलं चाक सिलखाली, हे कुणीही हसलं तरी करा. गाडीखाली हात-पाय घालू नका. सर्व्हिसिंगनंतर एकदा स्वतः नट सोडून बघा. नट किती आवळायचे तो आकडा मॅन्युअलमध्ये असतो, गनवाल्याला त्याच्याशी देणंघेणं नसतं.

मी दोन टनी बॉटल जॅक घेतलाय. पण तोही डोळे झाकून घेऊ नका: काही इतके उंच असतात की बसलेल्या गाडीखाली शिरतच नाहीत. त्याचं डोकं गोल, त्यामुळे सिलच्या कडेला खाचेचा रबरी ठोकळा लागतो. आडवा लोळत ठेवला तर तेल गळायची भीती. बाकी, फोन चार्ज ठेवा, स्टेपनीतली हवा तपासा, राष्ट्रीय महामार्गावर 1033 लावा वगैरे तुम्हाला ठाऊकच आहे. स्टेपनी अरुंद असेल तर तिच्यावर वेगाचा आकडा छापलेला असतो, बहुधा 80.

नवी गाडी घेणाऱ्यांनी तर जास्तच सावध राहावं. 2020 साली केंद्राने नियम बदलला. ट्यूबलेस टायर, हवा कमी झाल्याचं सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल, तर स्टेपनी सक्तीची नाही. टायर कडेला फाटला तर त्या किटचा काडीचा उपयोग नाही. म्हणून बुकिंगआधीच डिकीचा गालिचा उचलायला लावा. सेल्समन म्हणेल, "ते डिलिव्हरीला दाखवतो ना सर." चेक फाडायच्या आधीच बघा.